‘कबूल’ म्हणण्याची किंमत कोण मोजतं?

‘कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत घरी जाशील.’ फौजदारी कोर्टाच्या आवारात गरीब बाईला मिळणारा सल्ला बहुतेक वेळा हाच. देणारा वकील तिला पाच मिनिटांपूर्वी भेटलेला असतो. कागद त्यानं वाचलेले नसतात. साहेबांनी ‘गुन्हा कबूल?’ विचारलं की ती मान हलवते आणि छापील कागदावर तिचा अंगठा उमटतो. याला मी सल्ला म्हणत नाही. ही बाईची विल्हेवाट आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी या कामात आले. आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. केटरिंगच्या कामावरून परतताना रात्री बसची वाट पाहत असताना पोलिसांनी त्यांना ‘गिऱ्हाईक शोधत होती’ म्हणून उचललं. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं, म्हणजे ‘पिटा’चं, कलम ८ लावलं. वकिलाच्या सांगण्यावरून त्यांनी कबुली दिली आणि ५०० रुपये दंड भरला. चार वर्षांनी नवऱ्यानं मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला आणि त्याला याच निकालाची नक्कल जोडली. म्हणे पाचशे रुपयांत सुटका! या कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे तरी त्यांना कुणी सांगितलं होतं?

‘ती तसली नव्हती हो’ असं मला इथे म्हणायचं नाही. धंदा करणाऱ्या बाईलाही आरोप आणि कबुलीचे परिणाम समजून घेण्याचा तेवढाच हक्क आहे.

कबुलीवर दोषी ठरल्यावर अपील करता येतं ते फक्त शिक्षेचं प्रमाण आणि तिचा कायदेशीरपणा यांपुरतं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३७५ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ही तेच सांगतं. पण एक दार बंद म्हणजे सगळी दारं बंद नव्हेत. सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात रिव्हिजन अर्ज करता येतो. मुदत ९० दिवसांची; ती उलटली तर उशिराचं कारण पटवून माफी मागावी लागते. ‘वकिलानं चुकीचं सांगितलं’ एवढ्यावर मात्र भागत नाही. कबुली समजून-उमजून दिलेली नव्हती, हे कागदांवरून दाखवावं लागतं. समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असं कायदा सांगतो. तिथे सगळ्यांसाठी एकच छापील वाक्य असेल, तर तो आपला मुद्दा. निकाल रद्द झाला तरी खटला पुन्हा चालू शकतो, हेही बाईला आधीच सांगायला हवं.

सर्वोच्च न्यायालयानं थिप्पेस्वामी खटल्यात स्पष्ट केलं, की हलक्या शिक्षेचं आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि वरच्या कोर्टात शिक्षा वाढवायची, हा घटनेच्या कलम २१ चा भंग आहे. १९८६ साली सुक दास खटल्यात मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगितलाच नव्हता, म्हणून शिक्षा रद्द झाली.

वकीलमंडळी म्हणतात, ‘लढली तर तारखांवर तारखा, रोजी बुडणार.’ रोजी बुडते हे खरं. मग तारखा कमी करा की! बाईनं आपला बचावच सोडून द्यावा, हा त्यावरचा उपाय कसा? सगळं समजून तिनं कबुली दिली, तर तो तिचा निर्णय. न समजता दिली, तर तो दुसऱ्यांनी तिच्या नावावर घेतलेला निर्णय.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. वकिलाशी एकांतात बोलणं झाल्याशिवाय कबुली घेऊ नये. न्यायाधीशांनी परिणाम तिच्या भाषेत सांगावेत. मोफत वकिलाबद्दल विचारलं की नाही, हे रोजनाम्यात लिहावं.

आणि मैत्रिणींनो, आपल्या वस्तीत कुणाच्या नावावर अशी जुनी कबुली असेल, तर ‘झालं गेलं’ म्हणू नका. निकाल, रोजनामा, कबुलीची नोंद आणि वकीलपत्र यांच्या नकला काढा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर जा.