टिनावर कोण चालतंय?



उन्हाळा आला की आपल्या वऱ्हाडात रात्री गच्चीवर अंथरुणं पडतात. अकोला काय आणि अमरावती काय, दिवसभर तापलेल्या गच्चीवर चार बादल्या पाणी ओतल्याशिवाय पाठ टेकवत नाही. मग दिवे मालवतात, गप्पा संपतात, डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या टिनावर आवाज येतो. धब्, धब्, धब्!

उंदीर? छे, उंदीर इतका जड नसतो. मांजर? मांजर तर पाऊल न वाजवता चालते. तुम्ही चादरीतून हळूच डोकं वर काढता, तर भिंतीवरून एक काळपट लांबुळका प्राणी चाललेला दिसतो. अंगाएवढीच लांब शेपटी. क्षणभर तो तुमच्याकडे वळून पाहतो आणि त्याचे डोळे चमकतात.

आजी लगेच म्हणते, "पोट्ट्या, पाहू नोको तिकडं. मसण्याउद हाय थो!"

झालं! मसण म्हणजे स्मशान. हा प्राणी म्हणे स्मशानात राहतो आणि मातीतली प्रेतं उकरून खातो. असं ऐकल्यावर कुणाला झोप लागेल, सांगा पाहू?

तर मंडळी, आज या मसण्याउदाची खरीखुरी ओळख करून घेऊ. पुस्तकात याचं नाव उदमांजर. कोकणात याला कांडेचोर म्हणतात, कुठे काळमांजर म्हणतात. नावात मांजर असलं तरी हे मांजराच्या कुळातलं नाही, बरं का! त्याचं कुळ वेगळं, जवादी मांजरांचं. वजन दोन ते पाच किलो, अंगावर करडे-काळे राठ केस, पाठीवर पुसट काळ्या रेघा आणि ठिपके. मांजर बोटांवर चालते आणि नखं आत ओढून घेते. उदमांजर बरचसं तळवा टेकून चालतं. म्हणून तर टिनावर धब्धब् वाजतं!

त्याच्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती काळा पट्टा असतो आणि डोळ्यांखाली पांढरट ठिपके. जणू चोरानं मुखवटाच घातलाय. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "हा तर कार्टूनमधला रॅकून!" दिसायला थोडं साम्य आहे खरं. रॅकूनसुद्धा रात्री हिंडतो, घराच्या माळ्यावर घुसतो, कचऱ्याचे डबे उपडे करतो. पण रॅकून मूळचा अमेरिकेचा. आपल्या रानात तो नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे : रॅकूनच्या झुबकेदार शेपटीवर गोल कडी असतात, उदमांजराची शेपटी काळी, लांब आणि बिनकड्यांची. आपल्याकडे कडी असलेली शेपटी दिसली, तर ते बहुधा छोटं जवादी मांजर समजावं. ते मुख्यत्वे जमिनीवर, झुडपांतून वावरतं. उदमांजर मात्र झाडावर चढण्यात पटाईत.

आता प्रेतं खाण्याचं पाहू. उदमांजर खातं काय? सगळ्यांत जास्त, फळं! उंबर, वड, पिंपळाची फळं, जांभळं, आंबे, पपई, चिकू, नाल्याकाठच्या शिंदीची पिकलेली फळं. ताडी-शिंदीच्या मडक्यात तोंड घालून रस पिण्याचीही त्याला सवय आहे. जोडीला उंदीर, किडे, गोगलगाई, कधी पक्ष्यांची अंडी. उघडं खुराडं सापडलं तर कोंबडीसुद्धा. म्हणजे स्मशानात ते दिसलंच, तर प्रेतासाठी आलेलं नसतं. गावाबाहेरच्या स्मशानात जुनी वड-पिंपळाची झाडं उरलेली असतात, त्यांना ढोल्या असतात आणि रात्री तिथं माणूस फिरकत नाही. दिवसा निजायला आणि रात्री जेवायला अशी जागा कुणाला आवडणार नाही?

आणखी एक गंमत ऐका. उदमांजराच्या शेपटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. त्यांचा वास पुष्कळांना गरम भातासारखा वाटतो. बंगालीत तर त्याचं नावच गंधगोकुळ! कधी रात्री घरात स्वयंपाक नसताना माळ्याकडून सुवासिक तांदूळ शिजल्याचा वास आला, तर भुताची खिचडी समजू नका.

आता प्रश्न असा, की रानातला हा प्राणी आपल्या घरी का येतो? खरं तर तो फक्त रानातला नाहीच. मेळघाटच्या दाट जंगलात तो राहतो, तसाच गावातल्या आमराईतही पिढ्यान्‌पिढ्या राहत आलाय. दिवसा झोपायला त्याला अंधारी, उंच, कोरडी जागा लागते. जुन्या चिंचेची, वडाची, आंब्याची ढोली म्हणजे त्याचं पिढीजात घर. आपण रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना ही म्हातारी झाडं तोडली. नवीन रोपं लावलीही असतील, पण रोपाला ढोली पडायला कितीतरी वर्षं लागतात. तोवर त्यानं जायचं कुठं? मग कवेलूंच्या घराचा माळा, जिनिंगचं बंद पडलेलं गोदाम, शाळेच्या छताखालची पोकळी, हीच त्याची ढोली. आपण त्याच्या जागेवर घर बांधलं आणि ते आपल्या माळ्यावर आलं. चोर कोण, हे तुम्हीच ठरवा!

पण त्याच्या जाण्यानं आपलं काय नुकसान होईल, असं कुणी विचारलं तर? तर सकाळी गच्चीच्या कठड्यावर पडलेली त्याची विष्ठा लांबून बघा. आई नाक मुरडेल, पण तुम्ही नीट पाहा. (हात मात्र लावायचा नाही.) त्यात अख्ख्या बियाच बिया असतात. उदमांजर फळाचा गर पचवतं, बी मात्र जशीच्या तशी बाहेर टाकतं, तीही मूळ झाडापासून दूर. म्हणजे रात्रभर टिनावरून, भिंतीवरून, फांद्यांवरून फिरणारा हा प्राणी उंबर, जांभूळ, शिंदी पेरत जातो. ना मजुरी मागतो, ना वनमहोत्सवात फोटो काढून घेतो.

याच गुणानं तो परदेशात अडचणीतही आलाय. चिखलदऱ्याला गेला असाल तर तिथली कॉफीची झाडं पाहिली असतील. इंडोनेशियातही कॉफीचे मळे आहेत. तिथलं उदमांजर पिकलेली कॉफीची फळं खातं आणि बिया बाहेर टाकतं. त्या बिया धुऊन, भाजून केलेली कॉफी जगात फार महाग विकली जाते. पैसा दिसला तशी माणसांनी उदमांजरं पकडून लहान लहान पिंजऱ्यांत कोंडली आणि त्यांना कॉफीची फळंच चारू लागली. रात्रभर भटकणारा जीव चार हातांच्या जागेत गोल गोल फिरत बसतो. अशी कॉफी कितीही महाग असली, तरी गोड कशी लागेल?

हौससुद्धा कधीकधी अशीच वाईट ठरते. जपानची गोष्ट ऐका. १९७७ साली तिथं टीव्हीवर एक कार्टून मालिका लागली. तिच्यात एक मुलगा आणि त्यानं पाळलेलं रॅकूनचं पिल्लू, रास्कल. मुलांनी हट्ट धरला, "आम्हालाही रॅकून हवा!" आईबापांनी अमेरिकेहून आलेली पिल्लं विकत घेतली. पिल्लं मोठी झाली, चावू लागली, घरातल्या वस्तू फोडू लागली. मग लोकांनी ती रानात नेऊन सोडली. काही पिंजऱ्यांतून पळाली. आज जपानच्या बहुतेक भागांत रॅकून पसरलेत, शेतं खातात, जुन्या देवळांची लाकडं ओरबाडतात आणि तिथल्या मूळ प्राण्यांना त्रास देतात. शेवटी २००५ पासून कायद्यानं रॅकून पाळायला बंदी आली. गंमत म्हणजे मालिकेच्या शेवटी तो मुलगा स्वतःच आपल्या रास्कलला रानात सोडून येतो, कारण रानटी जीव घरात सुखी राहत नाही हे त्याला कळतं. प्रेक्षकांनी सगळी मालिका पाहिली, फक्त हा धडा तेवढा घेतला नाही!

म्हणून माळ्यावर उदमांजराची पिल्लं दिसली आणि ती कितीही गोंडस वाटली, तरी उचलून खाली आणायची नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उदमांजराला पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे.

आता पुढचा भाग आई-बाबांना वाचून दाखवा. उदमांजर दिसलं की गल्लीतली मंडळी काठ्या घेऊन धावतात, माळ्यावर धूर करतात, फटाके लावतात, नाहीतर ते बाहेर गेलं की घाईघाईनं भोक बुजवून टाकतात. यातलं शेवटचं सर्वांत सभ्य वाटतं ना? पण आत पिल्लं असतील तर? आई बाहेर टिनावर नखं मारत राहते आणि आत दोन-चार पिल्लं भुकेनं मरतात. मग घरभर दुर्गंधी सुटते ती वेगळीच.

त्याऐवजी असं करा. दिवसा माळ्याखाली शांत उभं राहून कान द्या. बारीक चिरके आवाज आले तर पिल्लं आहेत असं समजा आणि थांबा. पिल्लं साधारण तीन महिन्यांत मोठी होतात आणि मग आपली वाट धरतात. आवाज बंद झाले की येण्याजाण्याच्या भोकापाशी चाळलेली राख पसरून ठेवा. चार-पाच रात्री राखेत पाऊल उमटलं नाही, तर घर रिकामं झालं. मग मोठ्या माणसांनी शिडी लावून तिथं मजबूत जाळी ठोकावी. छतावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. कोंबड्यांचं खुराडं रात्री नीट बंद करावं, उरलंसुरलं अन्न उघड्यावर टाकू नये. एवढं केलं तर भांडण मिटलंच म्हणा.

प्राणी जखमी असेल, विहिरीत पडला असेल किंवा घरात अडकला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः पकडायला जाऊ नका. कोंडीत सापडलेलं उदमांजर चावतं. कुठलाही रानटी प्राणी चावला किंवा ओरबाडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरी सांगायला घाबरायचं नाही. रेबीजची लस वेळेवर घेतली तर जीव वाचतो, उशीर झाला तर वाचत नाही.

आणि हो, या आठवड्याचा उद्योग! तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर ढोली असलेली जुनी झाडं किती आहेत, मोजा. झाडाचं नाव, जागा आणि ढोलीत कोण राहतं ते वहीत लिहा. पोपट असेल, घुबड असेल, खार असेल, कदाचित आपलं मसण्याउदही असेल. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी त्याच वाटेवर किती झाडं होती. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून आमच्याकडे पत्रानं पाठवा. अकोल्याची यादी मोठी निघते की अमरावतीची, पाहू या.