बारा पाहुणे, चोवीस मीटर

गेटवे ऑफ इंडियापाशी तासाच्या भाड्याने मिळणारी, वाढदिवसाचे फुगे बांधलेली बोट ही यॉट. मोनॅकोच्या बंदरात उभं असलेलं साठ मीटरचं जहाज हीसुद्धा यॉटच. मग ‘सुपरयॉट’ कशाला म्हणायचं? भूमध्य समुद्रात आठवडाभरासाठी जहाज भाड्याने घेऊ पाहणाऱ्याला दलाल लगेच उत्तर देतो: २४ मीटर.

हा आकडा मुळात ऐषआरामाचा नाहीच. मालवाहू जहाज किती बुडेपर्यंत भरावं, हे ठरवणाऱ्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारातून तो आला. २४ मीटरपेक्षा लहान जहाजं त्या करारातून वगळली होती. ब्रिटनने १९९७ साली भाड्याच्या मोठ्या यॉटसाठी नियमावली केली, तेव्हा तीच मर्यादा घेतली. शिवाय ही लांबी टोकापासून टोकापर्यंतची नसते, पाण्याजवळच्या एका ठरावीक रेषेवर मोजलेली असते. त्यामुळे माहितीपत्रकात २६ मीटर असलेली बोट कागदोपत्री २४ च्या आत राहू शकते.

तरीही लांबीचं माप अगदीच टाकाऊ नाही. ते कोणालाही समजतं, ताडून पाहता येतं, आणि धक्क्यावरचं भाडंही बहुधा त्यावरच ठरतं. पण पोटात जागा किती, हे लांबी सांगत नाही. ते सांगतं ग्रॉस टनेज. नावात टन असला तरी हे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप आहे. ५०० चा आकडा ओलांडला की सुरक्षेचे नियम अधिक कडक होतात. म्हणून कित्येक यॉट मुद्दाम ४९९ वर थांबवलेल्या असतात. त्यात लबाडी काही नाही. खर्च वाचतो, भाडंही आवाक्यात राहतं. मात्र आपल्या खोलीची उंची-रुंदी सौंदर्यदृष्टीने ठरली की नियमाने, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही.

आणि नियमात बसलं म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. ‘बायेझियन’ ५६ मीटरची, ४७३ ग्रॉस टनेजची शिडाची यॉट होती. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे ती सिसिलीच्या पोर्तिचेल्लोजवळ वादळात बुडाली. जहाजावर १२ पाहुणे होते, १० कर्मचारी होते. सातजण गेले. शिडं उतरवलेली असताना बाजूने येणारा जोराचा वारा तिला कलंडवू शकतो, ही गोष्ट जहाजावरच्या स्थैर्य-पुस्तिकेत नव्हती आणि म्हणून मालकाला व खलाशांनाही ठाऊक नव्हती, असं ब्रिटिश तपास यंत्रणेच्या २०२५ च्या अंतरिम अहवालात म्हटलं आहे. लांबी, टनेज, डौल यांपैकी कशानेही ती ‘सुपर’ नव्हती, असं म्हणता येणार नाही.

पाहुणे बाराच होते, हा योगायोग नसावा. बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारं जहाज आंतरराष्ट्रीय नियमांत ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि बांधणीपासून सगळंच बदलतं. त्यापुढे ३६ प्रवाशांपर्यंत वेगळी नियमावली आहे, पण तशा यॉट थोड्या. म्हणजे शंभर मीटरची यॉट घेतली तरी चौदाजणांचं कुटुंब सहसा तिच्यावर मावत नाही. गंमत म्हणजे एक वर्षाच्या आतलं बाळ या नियमांत प्रवासी धरत नाहीत. चौदातली दोघं सात महिन्यांची जुळी असतील, तर हिशेब बरोबर बाराचा!

दलाल म्हणतात, गिऱ्हाईक कागद पाहत नाही, कप्तान आणि आचारी कसा आहे ते विचारतं. हे खोटं नाही. ९५ मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ कोणत्याही मापाने सुपरयॉटच होती. कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगारापायी २०१८ साली ती माल्टात अडकून पडली. अशा जहाजावर आदरातिथ्य कोण करणार?

तरीही पाण्यातल्या म्हशीचं मोल करताना शिंगं तरी मोजावीत. ठरलेलं भाडं ही नुसती सुरुवात असते. इंधन, जेवणखाण, बंदराचे आकार यांसाठी भाड्याच्या साधारण तीस टक्के आगाऊ द्यावे लागतात, कर आणि बक्षिसी वेगळी. एवढा पैसा मोजणाऱ्याने ‘सुपर’ या शब्दावर समाधान मानू नये, असं आम्हाला वाटतं. यॉट मोठाल्या होत गेल्या म्हणून काहीजण ही मर्यादा ३० मीटरवर नेऊ पाहतात. त्याने शब्द भारदस्त होईल, गिऱ्हाइकाच्या हाती नवं काही पडणार नाही. २४ मीटर राहू द्या, पण माहितीपत्रकात जाकुझीच्या फोटोशेजारी तीन गोष्टी छापा: ग्रॉस टनेज, कोणत्या नियमावलीखालचा दाखला, आणि त्यावर प्रवासी किती लिहिलेत. जाकुझीचा फोटो थोडा लहान करावा लागेल, इतकंच.