बाईचं मत कुणाचं?

'बायकांचं काय, नवरा सांगेल तिकडे बटण दाबतात.' हे वाक्य आपण किती वर्षं ऐकतोय! 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर त्यात आणखी एकाची भर पडली, 'दीड हजारात विकल्या गेल्या.' बचत गटांच्या निमित्ताने सातपूरपासून सिन्नरपर्यंत माझं फिरणं होतं. हे दुसरं वाक्य मी रिक्षात ऐकलं, किराणा दुकानात ऐकलं आणि बायकांच्या तोंडूनही ऐकलं. त्याचं जास्त वाईट वाटलं.

गंमत पाहा, ही दोन वाक्यं एकमेकांना खोडून काढतात. बाई नवऱ्याचंच ऐकणार असेल, तर तिच्या खात्यात पैसे टाकून कुणाला काय मिळणार?

मतदार कसं ठरवतो, याचा नीट अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुणे विद्यापीठाच्या वि. म. सिरसीकरांनी 1962 च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला होता. पुढे त्याच विद्यापीठातले सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे दिल्लीच्या 'लोकनीती' संस्थेबरोबर हे काम करत राहिले. त्यांची पद्धत मला फार पटते. मतदार यादीतून नावं निवडायची आणि ज्या बाईचं नाव निघालं तिच्याशीच बोलायचं. तिच्याऐवजी नवरा चालत नाही, सासू चालत नाही. मत कुणाला दिलं हे तिने तोंडाने सांगायचं नाही, नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती घडी पेटीत टाकायची. ठरवताना कुणाचा सल्ला महत्त्वाचा वाटला, हेही विचारतात.

राजेश्वरीताईंनी 2004 च्या लोकसभा निवडणुकीतल्या स्त्रियांच्या सहभागावर लिहिलं, त्यातला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बायका निव्वळ बायका म्हणून एकगठ्ठा मत देत नाहीत. जात, घरची परिस्थिती, आपला प्रदेश, तिथलं राजकारण हे सगळं त्यांच्या मतात असतं, पुरुषांच्या मतात असतं तसंच.

आपल्याच जिल्ह्यात पाहा ना. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली. 2024 च्या लोकसभेला दिंडोरीत डॉ. भारती पवार उभ्या होत्या. बाई, शिवाय केंद्रात मंत्री, तरी त्या हरल्या. कांदा निंदायला, काढायला, निवडायला बायकाच तर असतात! उमेदवार बाई आहे एवढ्यावर त्यांनी कांद्याचा भाव कसा विसरावा? मग सहाच महिन्यांनी विधानसभेला याच जिल्ह्याने जवळपास सगळ्या जागा महायुतीला दिल्या. 'लाडकी बहीण'चे पैसे जुलैपासूनचे मिळू लागले होते. त्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण कांद्याच्या भावावर मत दिलं की तो 'शेतकऱ्याचा कौल', कर्जमाफीवर दिलं की 'बळीराजाचा आशीर्वाद', आणि बाईने दीड हजार रुपये मोजून मत दिलं की ती विकली गेली, हा कुठला न्याय? ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून पन्नास रुपयेही नसतात, तिला विचारा दीड हजार म्हणजे काय ते.

आकडेही बोलके आहेत. 1962 मध्ये देशात पुरुषांचं मतदान 63 टक्के होतं, बायकांचं जेमतेम 47. 2019 आणि 2024 च्या लोकसभेला बायका पुरुषांच्या किंचित पुढेच होत्या. महाराष्ट्रात विधानसभेला बायकांचं मतदान 2019 मध्ये 59 टक्के होतं, 2024 मध्ये 65 झालं. पुरुषांचंही वाढलं, पण त्याची चर्चा कोण करतो?

पहिल्या निवडणुकीच्या वेळी, 1951-52 ला, देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, फक्त 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नावं घ्यायला नकार दिला. आजही मी आमच्या कामासाठी वस्तीत माहिती घ्यायला गेले, की बाईला प्रश्न विचारावा आणि आतून पुरुषाचा आवाज यावा, 'तिला काय कळतंय, मला विचारा.' मी वही मिटून थांबते. तो बाहेर गेला की ती बोलायला लागते, आणि मग मला लिहायला पान पुरत नाही.