पाया खणतानाच विचार व्हावा

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. आपल्या भागातून त्यात रायचूरचे नाव होते. बिदरला हवाई दलाचे वैमानिक प्रशिक्षण केंद्र आहे. उद्या प्रसंग आलाच तर आसऱ्याला कुठे जायचे, असे भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या माणसाने विचारले, तर त्याला काय उत्तर मिळेल?

हुलसूर, कमलनगर, चिटगुप्पा हे नवे तालुके झाले. नव्या तालुक्याला नवी कचेरी लागतेच. आमची मागणी एवढीच, की अशा प्रत्येक सरकारी इमारतीत, बांधकाम चालू असतानाच, अणुस्फोटानंतरच्या किरणोत्सारी धुळीपासून आसऱ्याची एक जागा धरावी.

ही धूळ वाऱ्याबरोबर दूरवर जाते, छपरावर व अंगणात बसते आणि तिथून किरण फेकते. किरण अडतात ते मधल्या वजनाने. सुमारे 6 सेंटिमीटर काँक्रीट किंवा 9 सेंटिमीटर घट्ट माती त्यांचा मारा निम्म्यावर आणते. शिवाय पहिल्या तासाचा मारा सात तासांनी एक दशांश, तर दोन दिवसांनी सुमारे एक शतांश उरतो. म्हणजे पहिले दोन दिवस निभावणे महत्त्वाचे. त्यासाठी पिण्याचे पाणी, शौचालय आणि हवा खेळती ठेवण्याची सोय हवी.

कोणी म्हणेल, आपली जाड मातीची माळवदे काय वाईट होती? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हा वजन हवे, पण ते भूकंप सोसणाऱ्या खांबतुळयांवर पेललेले हवे. आणि हा हिशेब पायाच्या वेळीच करावा लागतो. मागाहून छतावर भार चढवता येत नाही. काळ्या मातीत तळघराला पाझराचा त्रास होतो. तिथे तळमजल्यावरची, बाहेरच्या भिंतींपासून आत असलेली खोली बरी. वरचे मजले तिला आपोआप झाकतात. एरवी तिथे सभा भरवाव्यात. भोवती दप्तरखाना ठेवला, तर कागदांच्या गठ्ठ्यांचेही वजन कामी येते.

दुसरी गोष्ट भाषेची. जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात ठरलेले आहे. आसऱ्याची पाटी कन्नडमध्ये असावीच. तिच्याखाली मराठीतही असावी. घाबरलेल्या म्हातारीला वाचता न येणारी पाटी असून नसल्यासारखीच.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमची भूमिका जुनीच आहे आणि निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आज ओतलेला स्लॅब पुढच्या दोन पिढ्या तसाच राहणार आहे, आणि त्याखाली आपलीच मुलेबाळे उभी राहणार आहेत.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे. गावोगावच्या मराठी बांधवांनी त्यांना लेखी निवेदन द्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: नकाशात आसऱ्याची जागा आहे काय, तिथे किती माणसे मावतील, आणि पाटी कोणत्या भाषांत लागेल? निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये. स्लॅब पडल्यावर तक्रार करून उपयोग नाही.