योग्य वेळ कधी?

२०२४ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच महाराष्ट्रातल्या दोन कोटींहून अधिक महिलांना दरमहा १,५०० रुपयांच्या लाडकी बहीण योजनेचा नोव्हेंबरचा हप्ता मिळाला होता. महिना उजाडायच्या आत पैसे देण्याची ही तत्परता होती, कारण विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, म्हणजे प्रत्येकी साडेसात हजार रुपये, मतदानापूर्वी हातात पडले. २०२५ मध्ये जुलैचा हप्ता ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर आला आणि उशिरा मिळालेली हक्काची रक्कम भावाची ओवाळणी म्हणून मिरवली गेली. योजना तीच, महिलाही बहुतांशी त्याच. मधल्या काळात फक्त मतदान उरकले.

तेही कसे? २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ तारखेला महायुतीच्या पदरात २८८ पैकी २३० जागा पडल्या. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेतानुसार लागणाऱ्या एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत आणि विधानसभेतली ती खुर्ची रिकामीच राहिली. इतके निर्विघ्न राज्य महाराष्ट्रात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. तरीही ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ घेतल्यानंतर मंत्रिमंडळ विस्ताराला दहा दिवस लागले, खातेवाटपाला आणखी सहा. जानेवारी २०२५ मध्ये नेमलेल्या रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. मार्चमध्ये धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. जुलैअखेर माणिकराव कोकाटे यांच्याकडून कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. त्यांचे म्हणणे क्षणभर खरे धरले, तरी कृषिमंत्रिपदावर असताना शेतकऱ्यांविषयी ते जे बोलत होते ते पुरेसे होते.

पण मंत्री येतात, जातात. या सरकारची खरी अडचण ५ नोव्हेंबर २०२४ च्या कोल्हापूरच्या सभेत जाहीर केलेल्या दहा कलमांत आहे. लाडक्या बहिणींना १,५०० ऐवजी २,१०० रुपये, शेतकऱ्यांना कर्जमाफी, हमीभावावर २० टक्क्यांपर्यंत अनुदान, २५ लाख रोजगार, वीजबिलात ३० टक्के कपात, आणि शंभर दिवसांत ‘व्हिजन महाराष्ट्र २०२९’. विरोधी महाविकास आघाडीने महिलांना ३,००० रुपयांची बोली लावली होती, तेव्हा आज नैतिकतेचे पाठ देण्याचा अधिकार त्यांच्याकडेही फारसा उरत नाही. आश्वासनांसाठी पैसा कुठून येणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने तरी सांगावे, अशी अपेक्षा निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ती घातली गेली. ती पाळायची असते हे दोन्ही आघाड्यांनी मनावर घेतले नाही आणि आयोगानेही फार आग्रह धरला नाही.

शपथविधीनंतर २,१०० रुपयांबद्दल विचारले असता मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अर्थसंकल्पाच्या वेळी विचार करू, असे सांगितले होते. १० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला. वाढीव सहाशे रुपयांचा त्यात उल्लेख नव्हता. जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो, असा युक्तिवाद मग सुरू झाला. अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले होते आणि सरकारचे मन ओळखायला हा एक आकडा पुरतो. एका महिलेला वर्षाला १८,००० रुपये द्यायचे, तर ३६,००० कोटींत बरोबर दोन कोटी महिला बसतात. प्रत्यक्षात लाभार्थी अडीच कोटींच्या घरात होत्या. म्हणजे १,५०० रुपयांच्या जुन्याच दराने पैसे द्यायचे, तरी काही लाख नावे गाळावी लागणार हे मार्चमध्येच लिहून ठेवलेले होते. २,१०० चा प्रश्न तिथेच निकालात निघाला. सभागृहात तसे सांगण्याचे धैर्य मात्र कोणी केले नाही.

गाळणी जुलैत जाहीर झाली. २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा हप्ता जूनपासून स्थगित केल्याचे महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले. दोन हजारांवर सरकारी कर्मचारी महिलांनी लाभ घेतल्याचे त्याआधीच उघड झाले होते. पुरुषांच्या खात्यात ‘बहिणी’चे पैसे महिनोन् महिने जात राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, हे प्रशासनाचे अपयश आहे. ते पैसे जरूर वसूल करा. पण उरलेल्या लाखो नावांचे काय? कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, घरात चारचाकी नको, कोणी प्राप्तिकर भरत नसावे, सरकारी नोकरीत नसावे, एका घरात दोनच लाभार्थी, या अटी मतदानाच्या आधीपासून कागदावर होत्या. निवडणूक जवळ आली तसे त्यांच्याकडे डोळेझाक करण्याचे धोरण ठरले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर उत्पन्नाचा दाखला माफ झाला, पाच एकर जमिनीची अट निघाली, वयोमर्यादा ६० वरून ६५ झाली. अर्जामागे पन्नास रुपये देऊन अंगणवाडी सेविकांकडून अर्ज भरून घेतले गेले. २०२५ मध्ये त्याच सेविकांना घरोघर जाऊन पडताळणी करायला सांगितले गेले. गावातल्या ज्या बाईने अर्ज भरून दिला, तिनेच मग येऊन चारचाकी कोणाची म्हणून विचारायचे! दोन्ही वेळा रोष तिच्याच वाट्याला.

अपात्र माणसाला सरकारी पैसा मिळू नये, यावर दुमत नाही. आक्षेप आहे तो तपासणी कधी केली यावर. ज्या महिलेने कोणतीही लबाडी केली नाही, सरकारने मागितलेले कागद दिले, सरकारने मंजुरी दिली, तिला आठ-दहा हप्ते दिल्यानंतर एके दिवशी मोबाइलवर संदेश येणे थांबते. कारण कळत नाही आणि दाद कुठे मागायची तेही नाही. ‘नमो शेतकरी’ योजनेचा लाभ घेणाऱ्या पावणेआठ लाख महिलांना तर आता फक्त पाचशे रुपये मिळतात. केंद्राच्या ‘पीएम किसान’चे धरून सगळ्या योजनांचे मिळून पंधराशे पूर्ण होतात, हे नियमाला धरून आहे. प्रचारसभेत मात्र हा नियम कोणी वाचून दाखवला नव्हता.

कर्जमाफीची कथा याहून गंभीर आहे, कारण तिथे न पाळलेल्या शब्दाची किंमत रोख मोजावी लागते. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की सवलत गेली, खाते थकबाकीत गेले आणि खरिपासाठी नवे कर्जही अडले. निवडणुकीत कर्जमाफीचा शब्द मिळाल्यावर अनेक शेतकरी हप्ता भरायचे थांबले. त्यात अडाणीपणा नव्हता. २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर फडणवीस यांच्याच सरकारने दीड लाखापर्यंत माफी दिली होती, २०१९ मध्ये ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंत दिली. माफी थकबाकीदाराला मिळते आणि नेमाने भरणारा प्रोत्साहनाच्या रकमेची वाट पाहत बसतो, हे शेतकरी दोनदा पाहून चुकला आहे. अशा स्थितीत २८ मार्चला, वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना, अजित पवारांनी बारामती तालुक्यात सांगितले की ३१ मार्चपर्यंत पैसे भरून टाका, निवडणुकीत बोललेले सारेच प्रत्यक्षात येत नसते. अर्थमंत्री म्हणून हे बोलणे खरे होते. पण ते डिसेंबरमध्ये सांगितले असते, तर शेतकऱ्याला सोयाबीन-कापसाचे आलेले पैसे बँकेत भरायचे की नाही, हे ठरवता आले असते. त्यानंतर प्रहारचे नेते बच्चू कडू यांनी जूनमध्ये मोझरीला उपोषण केले आणि समितीचे आश्वासन पदरात पाडून घेतले. मुख्यमंत्री तेव्हा म्हणाले, योग्य वेळी निर्णय घेऊ. शेतकऱ्यासाठी योग्य वेळ पेरणीपूर्वीची असते आणि २०२५ ची ती निघून गेली.

तिजोरीत खडखडाट आहे, हे आम्ही नाकारत नाही. २०२५-२६ च्या अखेरीस राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची असेल, असे अर्थसंकल्पच सांगत होता. तो मंजूर होऊन जेमतेम तीन महिने होतात तोच जूनअखेर ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. २,१०० द्यायचे म्हटले तर तेव्हाच्या सव्वादोन कोटी महिलांसाठी वर्षाला आणखी १६,००० कोटींहून अधिक लागले असते. पण मंत्रालयात एक रुपयात पीकविमा बंद करून आणि ‘आनंदाचा शिधा’ गुंडाळून भागवाभागव चालू होती. मे महिन्यात लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातल्या मुलांच्या निधीतून त्यांच्या आयांना हप्ता देण्यात कसले कल्याण आहे? दरम्यान शंभर दिवसांच्या कामगिरीच्या मूल्यमापनात महिला व बालविकास विभाग पहिला आला आणि कृषी विभागही पहिल्या पाचांत होता. परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असाव्यात.

या सगळ्यामुळे सरकारची लोकप्रियता घसरली आहे का, याचे प्रामाणिक उत्तर तेव्हा कोणालाच देता येत नव्हते. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका तीन-तीन वर्षे रखडल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बडगा उगारल्यावर कुठे तयारी सुरू झाली. जनमताची एकच खरी चाचणी या काळात झाली, ती पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर. १६ एप्रिल आणि १७ जून असे दोन शासन निर्णय काढून सरकार अडून बसले होते. लोक रस्त्यावर येणार असे दिसताच २९ जूनला दोन्ही मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. माघार योग्यच होती. पण त्यातून राज्याने घेतलेला धडा असा, की या सरकारला लेखी आश्वासनाची आठवण करून देऊन उपयोग नाही, गर्दी दाखवावी लागते. कर्जमाफीच्या मागणीचे पुढचे वळण कोणते असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हे टाळता येण्यासारखे आहे. वीजदरांबाबत सरकारने स्वतःच वेगळा पायंडा पाडला: पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कपात, असे वेळापत्रक जाहीर केले. आकडा आश्वासनापेक्षा कमी आहे आणि ग्राहक त्यावर वाद घालतील. पण वाद घालायला निदान काही हाती तरी आहे. हीच रीत उरलेल्या कलमांना लावावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दहाही आश्वासनांवर श्वेतपत्रिका मांडावी: प्रत्येकाचा खर्च किती, कोणत्या वर्षी देणार आणि काय देणारच नाही. स्थगित केलेल्या प्रत्येक महिलेला लेखी कारण द्यावे आणि तहसील पातळीवर सुनावणीची संधी द्यावी. कर्जमाफी द्यायची असेल तर निकष आणि तारीख, द्यायची नसेल तर स्पष्ट नकार, यांपैकी काहीतरी पुढच्या ३१ मार्चच्या पुष्कळ आधी शेतकऱ्याला कळले पाहिजे. २३० आमदार पाठीशी असलेल्या मुख्यमंत्र्यांना यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.