रात्री दीडची गोड भूक

आमच्या विंगमध्ये सध्या दोन पंथ आहेत. एक गोळीवाल्यांचा, दुसरा निर्धारवाल्यांचा. भांडण एकच : गोड खाणं सुटणार कशाने?

गोळीपंथाचे प्रमुख आमचे रूमपार्टनर. त्यांनी घरून आलेल्या पैशांतून क्रोमियम पिकोलिनेट आणलं, वर गुडमारच्या कॅप्सूल. आता गुडमारची करामत खोटी नाही बरं का! पान चावलं की त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोड कळूच देत नाहीत, अर्धा-एक तास साखर वाळूसारखी लागते. पण कॅप्सूल पाण्याबरोबर थेट पोटात जाते, जिभेला पत्ताही लागत नाही. कॅप्सूल गिळून वर क्रीमची बिस्किटं खाताना साहेबांना मी स्वतः पाहिलंय. क्रोमियमचं म्हणाल, तर पुराव्याशिवाय वजन घटवण्याचे दावे करायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकातच काही विक्रेत्यांना मनाई केली होती.

दुसऱ्या पंथात मी. कपाटावर 'साखर बंद' चिकटवलं. चौथ्या रात्री, ड्रॉइंगची शीट अर्धी असताना, पार्टनरच्याच पुड्यात हात गेला. स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. मग जर्नलच्या मागच्या पानावर महिनाभर खुणा केल्या. बहुतेक सगळ्या सबमिशनच्या आठवड्यातल्या निघाल्या!

शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चारच तास झोपू दिलं. २००४ साली छापलेले आकडे असे : दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, भूक आवरणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. आणि ओढ कशाची वाढली? गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. म्हणजे आमचा मेनूच!

निर्धार हवाच, पण तो रात्री दीडला शोधून सापडत नाही. संध्याकाळी मेसचं जेवण चुकवायचं नाही आणि बारापर्यंत आडवं व्हायचं, यासाठी तो खर्चावा.

आता थोडं सर लोकांसाठी. मेस साडेआठला बंद होते. नंतर मिळतं काय, तर बिस्किटं आणि कोल्ड्रिंक. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम! रेक्टर सर, मेसच्या खिडकीत अकरापर्यंत उकडलेली अंडी, चणे-शेंगदाणे, ताक ठेवता येईल का? पैसे आम्ही देऊ. आणि पाचही विषयांची सबमिशन्स एकाच आठवड्यात ठेवायची प्रथा कोणी सुरू केली, तेही एकदा कळू द्या.