आमण्याआधी शारजाकडे पाहावे

वानखेडे मैदानाची क्षमता आज सुमारे ३३ हजार आहे आणि ती वाढण्यास जागा नाही. एका बाजूस रेल्वे, दुसऱ्या बाजूस मरीन ड्राइव्हच्या इमारती. त्यामुळे मुंबई क्रिकेट असोसिएशनची नजर शहराबाहेर वळली आहे. भिवंडी तालुक्यातील आमणे येथे, समृद्धी महामार्ग जेथे संपतो तेथील भूखंडासाठी संघटनेने २०२४ मध्ये निविदा भरली. मे २०२५ मध्ये वानखेडेवर नव्या स्टँडांच्या नामकरणाच्या समारंभात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख प्रेक्षकांच्या मैदानासाठी जागा देण्याची तयारी दर्शवली. वानखेडेपासून आमणे सुमारे ६८ किलोमीटर आहे. मुंबईचे मैदान मुंबईपासून इतक्या दूर जाणार असेल, तर त्याचा अर्थ काय, याची चर्चा मात्र अद्याप खुर्च्यांच्या संख्येपलीकडे गेलेली नाही.

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न अपरिचित नाही. येथील क्रिकेटचे केंद्र एका शहरातून दुसऱ्या शहराच्या वेशीबाहेर सरकताना आपण पाहिले आहे. शारजाचे मैदान १९८०च्या दशकाच्या आरंभी अब्दुल रहमान बुखातिर यांनी उभारले. एप्रिल १९८४ मध्ये पहिला आशिया चषक तेथे झाला आणि सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने तो जिंकला. मियांदादचा १९८६चा शेवटच्या चेंडूवरील षटकार आणि सचिनची एप्रिल १९९८ मधील लागोपाठची दोन शतके याच मैदानावरची. एकदिवसीय सामन्यांच्या संख्येत हे मैदान जगात अग्रस्थानी राहिले.

त्या यशाचे श्रेय खेळपट्टीइतकेच मैदानाच्या पत्त्यालाही द्यावे लागेल. शारजाचे मैदान औद्योगिक वसाहतीत आहे. गॅरेज, गोदामे, कार्यशाळा आणि कामगारांची निवासस्थाने त्याच्या अवतीभवती. शुक्रवार हा तेव्हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आणि शुक्रवारचा सामना म्हणजे केरळ, पंजाब, कराची, पेशावर, कोकण अशा सर्व मुलखांतील माणसांची जत्रा. त्यांतील अनेकांना वाहनाची गरजच नव्हती. सोळा-सतरा हजारांचे ते लहानसे प्रेक्षागार भरत असे, कारण ज्याच्यासाठी खेळ होता तो माणूस हाकेच्या अंतरावर राहत होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. शारजाची अवनती केवळ नव्या मैदानांमुळे झाली नाही. सामनानिश्चितीच्या संशयाचे मळभ आले, २००१ मध्ये भारत सरकारने अशा ठिकाणी खेळण्यास आपल्या संघाला मनाई केली आणि २००३ नंतर काही वर्षे तेथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट जवळजवळ थांबले. त्या पोकळीतच नवी मैदाने उभी राहिली. अबुधाबीच्या वेशीवर २००४ मध्ये शेख झायेद मैदान झाले. दुबईच्या स्पोर्ट्स सिटीत २५ हजारांचे मैदान झाले आणि एप्रिल २००९ मध्ये पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया मालिकेने ते खुले झाले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे मुख्यालयही तेथेच आले. स्पोर्ट्स सिटीच्या भागीदारांमध्ये बुखातिर यांचेही नाव होते, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. ज्याने शारजा उभे केले, त्यालाही पुढचे पाऊल दुबईच्या वाळवंटात टाकावेसे वाटले.

स्पोर्ट्स सिटीची मूळ कल्पना क्रिकेटपेक्षा जमिनीची होती. भोवती घरे विकायची आणि घरांना आकर्षण म्हणून मैदाने बांधायची. साठ हजारांचे बहुउद्देशीय मैदानही आराखड्यात होते. २००८च्या मंदीत ते अपुरे राहिले. क्रिकेटचे तेवढे पूर्ण झाले. मैदान शहराबाहेर का जाते, याचे उत्तर जगात बहुतेक ठिकाणी असेच सापडते. अमेरिकेतील अटलांटा शहराचा ब्रेव्हज हा बेसबॉलचा संघ २०१७ मध्ये शेजारच्या कॉब काउंटीत गेला. जुने मैदान अवघे वीस वर्षांचे होते. तरीही संघाने तिकीट घेणाऱ्यांच्या पत्त्यांचा नकाशा प्रसिद्ध करून दाखवून दिले, की आपला ग्राहक उत्तरेकडील उपनगरांत राहतो. युक्तिवाद खोटा नव्हता. पण कॉब काउंटी अटलांटाच्या रेल्वे-बस व्यवस्थेत सामील नाही. ज्याच्याकडे गाडी नाही तो त्या नकाशावर आधीही ठळक नव्हता. नव्या मैदानाने त्याला पुरते पुसून टाकले.

दुबईत नेमके हेच कमी गाजावाजा होऊन घडले. मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली, म्हणजे मैदानानंतर काही महिन्यांनी, आणि तिचा मार्ग स्पोर्ट्स सिटीकडे वळला नाही. २०२९ मध्ये अपेक्षित असलेली ब्लू लाइनही मिर्दिफ, इंटरनॅशनल सिटी, अकॅडेमिक सिटी अशी जाते. क्रिकेट मैदान तिच्याही वाटेवर नाही. शारजात राहणाऱ्या प्रेक्षकाचा हिशेब मांडून पाहा. आंतरशहर बसने दुबईत यायचे, मेट्रो धरायची, पुन्हा बस किंवा टॅक्सी. स्वतःची गाडी असेल तर टोल आणि इत्तिहाद रस्त्यावरची ती चिरपरिचित कोंडी. सालिकचा दर जानेवारी २०२५ अखेरपासून गर्दीच्या वेळी प्रत्येक फाटकास ६ दिरहम आहे. सायंकाळी साडेसहाचा टी-२० सामना दहा-साडेदहाला संपतो. त्यानंतर पार्किंगमधून बाहेर पडण्यास लागणारा वेळ धरला, तर मध्यरात्रीच्या शेवटच्या मेट्रोचे गणित जुळेलच असे नाही. पहाटे पाचला कंपनीच्या बसमध्ये बसायचे असते, तो माणूस हे सारे पाहून सामना मोबाइलवरच बघतो. तिकिटाचा दर त्याला अडवतोच, पण परतीचा प्रवास अधिक अडवतो.

आणि मोठे सामने जातात कोठे? २०२५च्या चॅम्पियन्स करंडकात भारताचे पाचही सामने दुबईत झाले. त्याच वर्षीचा आशिया चषक दुबई आणि अबुधाबी यांनी वाटून घेतला. शारजाच्या वाट्याला आली ती त्या आधीची अमिरात, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांची तिरंगी मालिका. भारत-पाकिस्तान सामना शारजाच्या प्रेक्षकापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर होतो, आणि हे अंतर नकाशावर दिसते त्याहून बरेच मोठे आहे.

महाराष्ट्राला यातील काहीच नवे वाटू नये, कारण आपण हा प्रयोग दोनदा केला आहे. नागपूरचे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहराच्या मध्यात. सायकलवर येऊन दिवसभर कसोटी पाहणारा नागपूरकर तेथे घडला. २००८ मध्ये कसोटी जामठ्याला गेली, वर्धा रस्त्यावर, शहराबाहेर. नवे मैदान देखणे, आसने उत्तम, सोयी जुन्याहून कितीतरी चांगल्या. तेथली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध. सौरव गांगुलीची ती अखेरची. अशा प्रसंगीही पंचेचाळीस हजारांच्या त्या मैदानात रिकाम्या खुर्च्याच नजरेत भरत होत्या. एकदिवसीय आणि टी-२०ला जामठा भरते, याबद्दल वाद नाही. पण कसोटीचा प्रेक्षक हा अर्धा दिवस काढून, दुपारच्या चहानंतर डोकावून जाणारा प्रेक्षक असतो. त्याला महामार्गावर नेले की तो तुटतो. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये खापरीपर्यंत धावू लागली. मैदान त्याच्याही पुढे आहे.

पुण्याची कथा थोडी वेगळी. स्वारगेटचे नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे. फेब्रुवारी १९९६ मध्ये केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते येथे, आणि ती दुपार आठवणारे पुणेकर अजून आहेत. २०१२ मध्ये गहुंजे उभे राहिले, द्रुतगती मार्गालगत, आणि पुणे वॉरियर्स हा आयपीएलचा संघ तेथे खेळू लागला. त्या आधीच्या हंगामात हाच पुण्याचा संघ नवी मुंबईत घरचे सामने खेळला होता, हा विनोद त्या वेळी कोणाला फारसा जाणवला नाही. ऑक्टोबर २०२४ मधील न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी गहुंज्याला प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मिळेना, बहुतेक स्टँडांवर छप्पर नाही, ऊन तळपते आहे. अखेरीस संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. शहरातील मैदानाबाहेर पाण्याची बाटली विकणारा कोणीतरी असतोच. माळरानावरच्या मैदानात जे आत आहे तेवढेच असते. ही गैरसोय किरकोळ नाही.

मग मैदाने शहरातच ठेवावीत काय? इतके सोपे असते, तर बंगळुरूची आठवण झाली नसती. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती डिकुन्हा आयोगाने ते मैदान प्रचंड गर्दीच्या कार्यक्रमांसाठी अयोग्य ठरवले, आणि कर्नाटक सरकारने बोम्मसंद्र येथे ८० हजारांच्या मैदानाचा मार्ग धरला. शहराच्या मध्यातील जुन्या मैदानांभोवती रस्ते अरुंद आहेत, दारे थोडी आहेत. जुलै २०२४ मध्ये विश्वविजेत्यांच्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेला जनसागर पाहून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांनाही वेडे म्हणता येणार नाही. आमण्याच्या बाजूचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, आणि तो मी हलका मानत नाही.

परंतु बंगळुरूच्या त्याच दुर्घटनेनंतर महिला विश्वचषकाचे सामने जेथे हलवले गेले, त्या मैदानाकडे नीट पाहिले पाहिजे. नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील मैदान हेही मुंबईच्या दृष्टीने उपनगरी, २००८ मध्ये पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तेथेच झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तेव्हा पावसाने लांबलेला सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. मैदान भरलेले होते. नेरूळ स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हार्बर मार्ग आहे, सायन-पनवेल महामार्ग आहे. १९७५ मध्ये मुंबईचे क्रिकेट ब्रेबॉर्नवरून वानखेडेवर गेले, तेव्हाही मैदान बदलले, चर्चगेट बदलले नाही. क्लब आणि संघटना यांच्या तिकिटांच्या भांडणातून ते मैदान जन्मले, पण प्रेक्षकाला त्याची झळ बसली नाही. तो त्याच गाडीने आला आणि पाच मिनिटे अधिक चालला.

अंतराचा बाऊ मी करत नाही. शारजाचे मैदान बांधले तेव्हा तेही वस्तीच्या कडेलाच होते. शहर नंतर त्याला येऊन मिळाले. स्पोर्ट्स सिटीभोवतीही आज इमारती दाटल्या आहेत. जामठ्याभोवती मिहान वाढते आहे. वीस वर्षांनी आमण्यालाही वस्ती असेल. प्रश्न आहे तो कोणाची वस्ती असेल याचा. स्पोर्ट्स सिटीत मैदानाच्या खिडकीसमोर राहतो तो कर्ज काढून सदनिका घेणारा, गाडी बाळगणारा माणूस. मैदानाने त्याच्या घराची किंमत वाढवली. शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील प्रेक्षक तिकडे राहायला गेला नाही, जाऊ शकणारही नव्हता.

आमण्याला आज लोकलचे स्थानक नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम चालू आहे, पण तीही मैदानाच्या दारात उतरवणार नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे. म्हणजे नागपूरचा मोटारवाला तेथे सरळ पोहोचेल आणि विरार, डोंबिवली किंवा मानखुर्दचा मुलगा पोहोचणार नाही. मुंबईच्या क्रिकेटची भिस्त आजवर त्याच मुलावर राहिली आहे, प्रेक्षक म्हणूनही आणि खेळाडू म्हणूनही. लोकलमध्ये किटबॅग घेऊन उभे राहणारी मुले हे त्या खेळाचे भांडवल आहे.

वॉशिंग्टनमध्ये अलीकडेच एक प्रकरण घडले. कॅपिटल्स आणि विझार्ड्स हे दोन संघ १९९७ पर्यंत उपनगरातील मैदानावर खेळत होते. मग शहराच्या मध्यावर, मेट्रो स्थानकाच्या डोक्यावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये मालकांनी नदीपलीकडे व्हर्जिनियात जाण्याची योजना जाहीर केली. तेथील विधिमंडळाने पैसा देण्यास नकार दिला, शहराने ५१ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले आणि मार्च २०२४ मध्ये संघ राहिले. व्यवहार महागडा होता, त्यावर टीकाही झाली. पण कोण किती देणार आणि त्या बदल्यात नागरिकाला काय मिळणार, हे कागदावर आले आणि लोकांनी चुना लावण्यापूर्वीच वाचले.

आमण्याच्या बाबतीत तेवढे तरी मागता येईल. भूखंड सरकारी महामंडळाचा आहे, म्हणजे अटी घालण्याचा अधिकार सरकारकडेच आहे. पहिला सामना होण्यापूर्वी रेल्वे किंवा मेट्रोचे स्थानक चालू असले पाहिजे, सामन्यानंतर दोन तास गाड्या धावल्या पाहिजेत आणि वानखेडेवरील रणजी सामने तेथेच राहिले पाहिजेत, या तीन गोष्टी करारात लिहायला एक पान पुरते.